रद्दीच्या गाठीत आलेला रेल्वेसाहेब

या दिवाळीत तुमच्या घरी मिठाईचा डबा आला असेल, तर रिकामा झाल्यावर तो लगेच फेकू नका. त्याचा एक कोपरा फाडून बघा. वरून पांढराशुभ्र, चकचकीत, लक्ष्मी छापलेला. आतून मात्र करडा. त्या करड्यात निरखून पाहिलंत तर एखादा निळा ठिपका, एखादं अर्धं अक्षर, लाल शाईचा एखादा कण दिसेल. माझी एकवीस वर्षं त्या करड्यात गेली.

बुऱ्हाणपूरच्या बाहेर एक छोटी पुठ्ठा मिल आहे. तिथं मी छाटणी खात्याची सुपरवायझर होते. "कागदाच्या मिलमध्ये नोकरीला आहे" असं सांगितलं की लोकांना नेपानगर वाटायचं. मोठी मिल, क्वार्टर, क्लब. मग मला खुलासा करावा लागे की ती कागद करणारी, आमची रद्दीचा पुठ्ठा करणारी. ऐकणाऱ्याचा चेहरा जरा उतरायचा. सुरुवातीला माझाही उतरत असे. पुढं मीच आधी सांगायला लागले, "आम्ही रद्दीवाले."

काम सांगायला सोपं होतं. रद्दी यायची, छाटली जायची आणि हौदात पडायची. हौद म्हणजे घरच्या मिक्सरचं भांडं समजा, फक्त त्यात बैलगाडी मावेल एवढं. पाण्यात घुसळून रद्दीचा लगदा व्हायचा आणि लगद्याचा पुठ्ठा. देशी रद्दी असायचीच, पण तिच्यात दम नसतो. आपण लोकांनी एकाच कागदाला दोन-तीन जन्म आधीच भोगायला लावलेले असतात. म्हणून अमेरिकेच्या गाठी यायच्या, माणसाच्या उंचीच्या, तारेनं आवळलेल्या. तिकडचे लोक कागद एकदा वापरतात आणि टाकतात. त्यामुळं त्याचा धागा लांब राहतो.

गाठ फोडली की रद्दी पट्ट्यावर यायची आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या चौदा बायका तिच्यातलं नको ते वेचून काढायच्या. प्लास्टिक, टाचण्या, तारा, मेणकागद. एकदा दातांची कवळी निघाली. एकदा एका लग्नाचा अख्खा अल्बम निघाला. त्यातली नवरी इतकी गोड होती की आमच्या बायकांनी तो हौदात टाकण्याआधी तिची दृष्ट काढली.

गिऱ्हाइकंही एकेक नग होती. गावातल्या इतवारा पेठेतले एक हलवाई डबा घेऊन थेट माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "मॅडम, तुमच्या डब्यामुळं आमच्या मावा जिलेबीला अंग्रेजी बास येते." मी डबा हुंगला. मला तर तुपाचाच वास आला. पण त्यांची समजूत पटेना. शेवटी डब्यात बटर पेपर घालायचं ठरलं आणि नमुन्याचा एक गठ्ठा माझ्या कपाटात पडून राहिला. तो पुढं कुठल्या कामी येईल हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

छाटणी खात्याचा एक नियम मी स्वतः घालून दिला होता : पट्ट्यावरचं काही वाचायचं नाही. वाचत बसलं की पट्टा तुंबतो. तसा हा नियम पाळायला माझ्या बायकांना काही अडचण नव्हती, बहुतेकींना वाचताच येत नव्हतं. तो मोडण्याजोगी खात्यात मी एकटीच होते. लोकांची घरगुती पत्रं अशी उघड्यावर वाचू नयेत, हेही मला कळत होतं. आणि मीच तो मोडला.

चौदा जणींत सगळ्यात मोठी कमलमावशी. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण कागदातली तिची बरोबरी करणारा आमच्या मिलमध्ये कुणी नव्हता, केमिस्ट धरून. कागद हातात घेऊन टरकन फाडायची आणि सांगायची, हा गळेल, हा नाही गळणार. एका सकाळी तिनं दोरी ओढून पट्टा थांबवला. पट्टा थांबवणं म्हणजे मोठी गोष्ट. मी धावत गेले.

"मॅडम, हे देखा," ती म्हणाली. "हे लाकडाचं कागद नोहे. कपड्याचं हाये."

तिच्या हातात एका जुन्या पत्राचा कोपरा होता. लाकडाच्या लगद्यापासून कागद करायच्या आधी तो सुती चिंध्यांपासून करत. असा कागद दीडशे वर्षांनीही पिवळा पडत नाही आणि हौदात लवकर विरघळत नाही, त्याच्या गुठळ्या होतात. म्हणून तो बाजूला काढावाच लागतो. एका चेपलेल्या खोक्यात तशा पत्रांची फितीनं बांधलेली कितीतरी पुडकी होती आणि एक जाडजूड, चामडी पाठीचं बाड होतं. वरच्याच पत्राच्या माथ्यावर रेल्वे इंजिनाचं चित्र, खाली कंपनीचं नाव आणि हुद्दा : जनरल सुपरिंटेंडेंट.

माझे वडील भुसावळला मालगाडीचे गार्ड होते. आमच्या घरात देवाआधी ड्युटीचं नाव घेतलं जाई. माझा धाकटा भाऊ तापानं गेला तेव्हा वडील मालगाडी घेऊन गेलेले. निरोप पोचला, पण गार्ड गाडी सोडून कसा येणार? आले तेव्हा सगळं उरकलं होतं. आईनं त्यांना शब्दानं दोष दिला नाही आणि त्यांनी त्या दिवसाविषयी शब्द काढला नाही. घरात ती एक न बोललेली गोष्ट आमच्याबरोबर जेवायला बसायची. तेव्हा रेल्वेच्या माणसाची घरगुती पत्रं समोर आल्यावर मी नियम पाळला असता, तर मी त्या बापाची मुलगीच नव्हे.

खोकं मी ऑफिसातल्या कपाटात ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास मी एकेक पत्र वाचायची आणि बायकांना आपल्या भाषेत सांगायची. बघता बघता तो आमचा रोजचा कार्यक्रम झाला.

साहेबाचं नाव हायरम. आडनाव इथं लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना मी तसं विचारलेलं नाही. शेतकऱ्याचा मुलगा, तारमास्तर म्हणून लागला आणि चढत चढत अख्ख्या लाइनीचा साहेब झाला. बायको लव्हिनिया आणि तीन मुलं : मोठी क्लारा, मधला सॅम, शेंडेफळ नेली. माणूस सदा लाइनीवर. स्वतःच्या सलूनमध्ये, म्हणजे साहेबासाठी राखलेल्या रेल्वेच्या डब्यात बसून घरी पत्रं लिही. गाईला मीठ द्या, सॅमला पाढे विचारा, नेलीला सांगा की तिच्यासाठी इंजिनाच्या शिट्टीचा आवाज काढायला शिकलोय.

ते चामडी बाड म्हणजे त्याच्या पाठवलेल्या पत्रांच्या नकला. कार्बन पेपर रुळायच्या आधी साहेब लोक शाईनं पत्र लिहीत, ते ओल्या पातळ कागदाखाली ठेवून लोखंडी दाबात दाबत, म्हणजे शाईचा ठसा त्या कागदात उतरे. कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा. या बाडातला साहेब घरातल्या साहेबाहून निराळा, कडक. पॅसेंजर गाडी खासगी कारणासाठी मिनिटभरही थांबवायची नाही, असा त्याचा हुकूम होता. एका कंडक्टरनं, म्हणजे तिकडच्या गार्डनं, सख्ख्या भावासाठी गाडी सहा मिनिटं थांबवली, तर त्याला महिनाभर घरी बसवलं.

"निर्दयी हाये मेला," बायका म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी मी घरच्या पुडक्यातलं त्याच तारखेचं पत्र वाचलं. बायकोला लिहिलं होतं की त्या कंडक्टरच्या घरी गाडीभर कोळसा पाठव, पण आपलं नाव कळता कामा नये. मग कमलमावशी म्हणाली, "माह्या नवऱ्यानं घरात राहूनबी मले कधी चिठ्ठी नाही लिवली. आन कोळसा तर मीच डोक्यावर आनला."

सगळ्या हसल्या, तीही हसली. पण त्या दिवसापासून आमच्या खात्यात हायरम 'आपला साहेब' झाला. पट्ट्यावर एखादी ओळखीची खूण दिसली तरी बायका विचारायच्या, "मॅडम, आपल्या साहेबाचं हाये का?"

मग पत्रांत हिवाळा आला. गावात घटसर्पाची साथ आली. त्या काळी औषध नव्हतं, मुलांचा गळा आवळत जायचा. लव्हिनियानं क्लाराला मावशीकडं पाठवलं. सॅम आणि नेली घरात अंथरुणाला खिळले. साहेब दूर, बर्फात अडकलेल्या गाड्या सोडवण्यात गुंतलेला. तिचं शेवटचं पत्र चार ओळींचं होतं. त्यातली एक मला अजून पाठ आहे : "दोघांचाही श्वास अडतो आहे. ये. नियमांचं नंतर बघू."

त्या दिवशी शनिवार होता. पुढचं पुडकं काळ्या फितीनं बांधलेलं, आतल्या पाकिटांना काळे काठ. बायकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की त्यांच्याकडं घरात मयत झालं की असा काळ्या काठाचा कागद वापरत. चौदा जणींचे घास हातातच राहिले. कोण गेलं? आणि त्याहून मोठा प्रश्न, साहेब पोचला का? भोंगा झाला. मी म्हटलं, सोमवारी.

रविवारी भुसावळहून फोन आला. वडील गेले. मी पोचले तेव्हा त्यांना नेलेलं होतं. तेराव्यापर्यंत तिथं राहिले. आईजवळ बसून असायची आणि मनात एक वेडी गोष्ट घोळायची, की परत गेल्यावर ते पुडकं उघडायचं. तो साहेब पोचला असेल तर मला बरं वाटणार होतं. का, ते विचारू नका. माझा बाप पोचला नव्हता आणि मीही पोचले नव्हते. कुणीतरी पोचायला हवं होतं.

कामावर आले, कपाट उघडलं, तर काळ्या फितीचं पुडकं नाही.

"मी बारीक फाडून टाकलं हौदात," कमलमावशी म्हणाली. किल्ली मीच तिच्याकडं देऊन गेले होते. "मयताची चिठ्ठी ठिवत नाहीत मॅडम. वाचली का फाडाची. तुमच्या घरी आधीच असं झालं, आन तुमी आल्या आल्या पुन्हा तेच वाचनार? आमी समद्यांनी मिळून ठरवलं."

आपल्याकडची रीतच ती. मयताचं कार्ड आलं की वाचायचं, फाडायचं, घरात ठेवायचं नाही. माझ्या आईनंही त्याच आठवड्यात तशी चार पत्रं माझ्यासमोर फाडली होती. या बायकांनी माझ्या दुःखाची आठवण ठेवून, मला जपायला म्हणून हे केलं होतं. आज हे लिहिताना माझे डोळे भरून येतात. त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. सगळ्या जणींसमोर मी तिला बोलले, "अडाणी ती अडाणीच राहणार!"

तिनं मान खाली घातली आणि पट्ट्यावर जाऊन उभी राहिली. तिला आणखी काही सांगायचं होतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण मी विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीतलं वाचन बंद पडलं. मी माफी मागितली नाही. आधी रागानं, नंतर लाजेनं आणि मग सवयीनं.

मी निवृत्त झाले तेव्हा खोकं मला देऊन टाका, अशी मिलचे मालक शेठजी यांना विनंती केली. त्यांना सगळं ठाऊक होतं. मिलमध्ये कोण कुठल्या सुट्टीत काय करतं हे शेठजींना कळत नाही असं कधी झालं नाही. त्यांनी गेटपास करायला सांगितला. त्यावर लिहिलं होतं : "रद्दी, जुनी, एक नग." एकवीस वर्षांच्या नोकरीत मिलमधून मी बाहेर आणलेला तो एकच नग, खोक्यात पत्रांभोवती घातलेला बटर पेपर सोडला तर.

माझी सून रश्मी शाळेत शिकवते. मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात बोलते, कुठली कुठं संपली ते कळत नाही. तिनं ती पत्रं पाहिली आणि लोक आपापली वंशावळ शोधतात अशा एका अमेरिकन वेबसाइटवर नावं टाकली. दोन महिन्यांनी उत्तर आलं. लिहिणारी मॅगी, चौऱ्याऐंशी वर्षांची, निवृत्त शिक्षिका. ती क्लाराची पणती. वृद्धाश्रमात राहायला जाताना घर आवरायला माणसं लावली आणि त्यांनी नको ते खोकं रद्दीत दिलं. सामान गेल्याचं दुःख तिनं कधीच गिळलं होतं. ते हिंदुस्थानात एका बाईच्या कपाटात आहे यावर तिचा विश्वास बसेना.

दुसऱ्याच पत्रात तिनं एक प्रश्न विचारला. हायरमचं एक मूल साथीत गेलं, पण रेल्वे सोडून तो घरी आला नाही, असं त्यांच्या घरात सांगत. क्लारानं याबद्दल बापाला कधी क्षमा केली नाही. मोठी झाल्यावर घर सोडलं ते कायमचं, आणि तिच्या मुलांनी सॅमच्या मुलांचं तोंड पाहिलं नाही. पिढ्यान्पिढ्या गेल्या. सॅमच्या घराण्यातला एक म्हातारा आता मॅगीच्याच आश्रमात राहतो, जेवणाच्या टेबलावर समोर बसतो आणि दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते कळत नाही. "काळ्या काठाच्या पत्रांत हे असेल," तिनं लिहिलं होतं. "तो आला होता का, एवढंच मला सांगा."

म्हणजे मी जे वाचलं नव्हतं, तेच नेमकं.

रश्मी म्हणाली, "मम्मी, लिहून टाका ना की ती पत्रं मिळालीच नाहीत. क्या फर्क पडता है? उगाच म्हातारीला दुखवायचं."

मी सगळं खरं लिहिलं. हौद, रीत, वडिलांचं जाणं, सगळं. चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी आलं : "हायरम गेल्यावर ती पत्रं क्लाराकडं आली आणि शंभराहून जास्त वर्षं आमच्या कपाटात होती. आम्ही जपली आणि एकानंही उघडली नाहीत. दोष तुमच्या मैत्रिणीला कसा देऊ? पण दुसरं काही उरलं आहे का?"

उरलं होतं. नकलांच्या बाडाचा शेवटचा भाग कधीतरी भिजून चिकटला होता, त्याचा नुसता पापड झाला होता. पानं सुटी करायला जावं तर तुकडे हातात यावेत, म्हणून मी ते कधी छेडलं नव्हतं. आता कामाला लागले. मोठ्या पातेल्यात तळाला ओलं फडकं, वर चाळण, चाळणीवर बाड, आणि झाकण. कागदाला पाणी लागू द्यायचं नाही, नुसती दमट हवा. मग त्या हलवाईदादांच्या बटर पेपरची पट्टी कोपऱ्यातून श्वास रोखून सरकवायची. दिवसाला एक पान, फार तर दोन. बरीच फाटली. महिना उलटून गेला. माझ्या देवपूजेला उशीर व्हायला लागला, तेव्हा रश्मी म्हणाली, "मम्मी, आता हायरमलाच देव्हाऱ्यात बसवा."

एक पान सुटलं. त्यावर तारेची नक्कल : मुख्य लाइन मोकळी ठेवा. नुसतं इंजिन येत आहे, त्यावर मी स्वतः. पॅसेंजर साइडिंगला घ्या.

गार्डची मुलगी आहे मी. या तीन ओळींचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता. सहा मिनिटांसाठी माणसाला घरी बसवणाऱ्या साहेबानं स्वतःसाठी पॅसेंजर अडवली होती. त्याच्या खालच्या पानावर कंपनीच्या डायरेक्टरांना त्याचाच अहवाल : सुपरिंटेंडेंटनं खासगी कारणासाठी पॅसेंजर चाळीस मिनिटं थांबवली आहे, इतरांना जी शिक्षा झाली असती तीच त्याला व्हावी.

पण तो निघाला एवढंच कळलं होतं, पोचला का ते नाही. पुढची सहा पानं एकत्र चिकटलेली. त्याला नऊ दिवस लागले. शेवटच्या पानावर इंजिनाच्या ड्रायव्हरला लिहिलेलं पत्र होतं. फिकट, पण अक्षर लागत होतं.

"तुझ्यामुळं मला एक सकाळ मिळाली. नेलीनं मला ओळखलं. विचारलं, इंजिनावर बसून आलात का? मी हो म्हटलं आणि शिट्टीचा आवाज काढून दाखवला. दुपारी ती गेली. सॅम वाचेल असं डॉक्टर म्हणतात. क्लाराला मी भेटलो नाही. या घरातली हवा अंगावर घेऊन तिच्या दारात जायची माझी छाती झाली नाही. मोठी झाली की तिला समजावून सांगेन."

सांगायचं राहून गेलं असणार, त्याचंही आणि लव्हिनियाचंही. राहूनच जातं.

मॅगीला पत्र लिहायच्या आधी मी रिक्षा केली आणि कमलमावशीच्या घरी गेले. कितीतरी वर्षांनी जात होते. तिला आता दिसत नाही. नातसुनेनं माझं नाव सांगितल्यावर ती धडपडत उठली आणि माझे हात चाचपले.

"मावशी, आपला साहेब पोचला होता," मी म्हटलं. सगळं सांगितलं. मग जे सांगायला इतकी वर्षं लागली तेही सांगितलं. "मी तुला तेव्हा चौघींत नाही ते बोलले. मला माफ कर."

"जाऊ द्या मॅडम. तुमचा बाप गेला व्हता. तवा मानूस बोलतंच." मग म्हणाली, "साहेब आला व्हता, नाही का? बरं झालं माय. म्हंजे मी लेकराशी खोटं नाही बोलली."

"कुठल्या लेकराशी?"

"त्या पुडक्यात केस व्हते ना."

मला कळेना. तिनं सावकाश सांगितलं. हौदात टाकायच्या आधी सवयीनं तिनं पुडकं उलगडून पाहिलं. हौदात कागदाशिवाय दुसरं काही जाऊ द्यायचं नाही हा हातांना लागलेला धर्म. एका पाकिटात रेशमी दोऱ्यानं बांधलेली केसांची बट निघाली. मक्याच्या कणसाला असतात तसे बारीक, सोनेरी केस. तिकडं मयत माणसाची बट कापून ठेवत, हे मी नंतर वाचलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं ते केस पाहिले आणि तिला कळलं.

"चिठ्ठी टाकली मी हौदात. पन लेकराचे केस कशी टाकू? त्याचा का डब्बा करू? पदरात बांधले. सुट्टी झाली तशी राजघाटावर गेली, तीळ घेतले, दोन फुलं घेतली आन तापीमायच्या पान्यात सोडले. तुमाले सांगनार व्हती. पन तुमी..." ती थांबली. "ऱ्हाऊन गेलं."

"आणि खोटं काय बोललीस?"

"सोडताना काहीतरी बोलाव लागते ना. मले काय ठावं साहेब आला का नाही. तुमी तर शनिवारी बंद केलं व्हतं. पन लेकराले काय सांगू, तुझा बाप आला नाही म्हनून? मी म्हनलं, जाय बाई, तुझा बाप आला व्हता."

तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी रडले. नेलीसाठी, माझ्या भावासाठी, मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं उभ्या असलेल्या माझ्या बापासाठी. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. जिला मी अडाणी म्हटलं होतं, तिनं सात समुद्रांपलीकडच्या पोरीचं क्रियाकर्म केलं होतं, आणि तेही माझी बोलणी खायच्या आधीच.

हे सगळं मी मॅगीला कळवलं. खोकं पाठवलं, बाडाची पानं बटर पेपरसकट पाठवली. तिनं लिहिलं की ड्रायव्हरचं पत्र तिनं जेवणाच्या टेबलावर सॅमच्या घराण्यातल्या त्या म्हाताऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि वाचून झाल्यावर त्यानं तोंडानं शिट्टीचा आवाज काढला. तो आवाज म्हणे त्यांच्या घरात बापाकडून मुलाकडं येत गेलेला, का ते कुणाला माहीत नव्हतं. शेवटी तिनं मागितलं होतं, ज्या नदीत ते केस सोडले त्या नदीचा एक फोटो.

म्हणून गेल्या महिन्यात आम्ही राजघाटावर गेलो. मी, रश्मी आणि कमलमावशी. रश्मी मोबाइल घेऊन वर उभी राहिली. मी मावशीचा हात धरून तिला पायऱ्यांवरून पाण्यापर्यंत नेलं. तिनं पायानं पाणी चाचपलं, घोटाभर आत गेली.

"मॅडम, त्या पोरीचं नाव काय म्हनलं तुमी?"

"नेली."

"त्या दिवशी नाव ठावं नव्हतं मले. नुसतं बाई म्हनली." तिनं ओंजळीत पाणी घेतलं, न दिसणारे डोळे नदीकडं लावले आणि मिलच्या पट्ट्याच्या खडखडाटात आम्हाला हाक मारायची तसल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "नेलीबाई, मी इचारून आली. तुझा बाप खरंच आला व्हता."